एक आकडा पुढे

बुवांनी दृष्टांत असा काही चढवत नेला होता की मागच्या रांगेतल्या बायकांचे पदर तोंडाशी गेले होते. टाळकऱ्यांनी टाळ छातीशी धरलेले, पखवाजवाल्याचा हात अधांतरी. आता राजा दार उघडणार आणि दारात कोण उभं आहे ते कळणार, एवढ्यात रविराजच्या टेबलावरचा लॅपटॉप टप्‌ करून बंद पडला.

मंडपात कुणाला काही कळलं नाही. त्यांचं कीर्तन चालूच होतं. कळलं ते दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर पलंगाला खिळलेल्या त्याच्या आईला, शालनबाईंना. रविराजचा फोन खिशात थरथरला. जयमाला, त्याची बायको.

"अहो, गेलं."

"माहितीये गेलं."

"आई विचारतायत, दारात कोण होतं?"

"मला काय माहीत दारात कोण होतं! मी इथं वायरी बघतोय."

"मंडपातच आहात ना तुम्ही?"

रविराजने फोन ठेवला आणि लॅपटॉपच्या पाठीला हात लावला. चटका बसला. नुकती भाकरी उतरवलेला तवा असावा, तसा.

हे सप्ताह बसल्यापासून चाललेलं. निगडीच्या प्राधिकरणातलं ते विठ्ठलमंदिर लहानसंच, पण चैत्रातला सप्ताह दणक्यात. दिवसा पारायण, संध्याकाळी कीर्तन, आणि ह्या सगळ्यात वीणा अखंड. ती खाली ठेवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. रविराज नोकरीसाठी धाराशिवकडून इथे आला तेव्हा ह्या शहरात त्याला ओळखीचं असं काही सापडलं असेल तर ह्या मंदिरातला टाळांचा आवाज. गावाकडून आईला आणलं तेव्हा तिचंही तसंच झालं. दरवर्षी सप्ताहभर ती पुढच्या रांगेत, खांबाला टेकून. यंदा मात्र न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि ऑपरेशननंतर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की महिना-दीड महिना जिना उतरायचं नावही काढायचं नाही.

आणि नेमके यंदाच काल्याच्या कीर्तनाला दादासाहेब महाराज येणार होते. ते शालनबाईंच्या माहेरचे. तिच्या वडिलांच्या हाताखाली ते कीर्तन शिकले, तेव्हा त्यांना मिसरूड फुटलेलं नव्हतं आणि ही परकर सावरत त्यांच्यामागे टाळ धरायची. आता त्यांचेही गुडघे गेले होते. उभ्याने करायचं हे शेवटचं कीर्तन, असं त्यांनीच जाहीर केलं होतं. शालनबाई कधी काही मागणारी बाई नव्हे. ऑपरेशनच्या आधी भूल देणारा डॉक्टर आला तेव्हाही तिने एवढंच विचारलं, "काल्याच्या कीर्तनापत्तोर उठंन ना मी?"

ते जमणार नव्हतं, म्हणून रविराजने कीर्तन घरी न्यायचं ठरवलं. पहिल्या दिवशी मोबाइल उभा करून पाहिला. आईचे कान आधीच मंद. तिच्यापर्यंत नुसता टाळांचा खळखळाट पोचला, शब्द एक नाही. मग त्याने साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर ओढली, लॅपटॉपला जोडली आणि मंदिराच्या नावाने थेट प्रक्षेपण चालू केलं. आवाज असा स्वच्छ गेला की आई म्हणाली, "बुवा उशाशी बसल्यावाणी वाटायलंय." वीसेक मिनिटं वाटलं. मग टप्‌.

लॅपटॉप जुना होता, कासारवाडीच्या एका दुकानातून घेतलेला. त्यावरचं विंडोज म्हातारं झालं आणि नवं त्या मशीनला पेलेना, म्हणून यंदाच त्याने त्यावर लिनक्स टाकलं होतं. घरी पंख्याखाली बिलं भरायला, मुलीचा अभ्यास छापायला तो गुण्यागोविंदाने चालायचा. पण पत्र्याच्या मंडपात, चैत्राच्या उकाड्यात, कॅमेरा आणि आवाज दोन्ही ओढायला लागलं की तापायचा, आणि तापून तापून स्वतःच स्वतःला बंद करायचा. आतला पंखा काही फिरायचा नाही. रविराजने खोलून पाहिला होता. पंखा ठणठणीत. सुरू करताना एकदा भुर्रकन फिरायचा आणि मग हात जोडून उभा.

बाहेरून टेबलफॅन लावला तर बंद पडायचा तो दृष्टांताऐवजी अभंगाच्या शेवटच्या चरणाला, एवढाच फरक.

कीर्तन संपल्यावर दिग्विजय टेबलाशी आला. मंदिराच्या हिंदुराव अध्यक्षांचा पुतण्या, हिंजवडीला आयटीत मोठ्या पगारावर.

"भावा, दे फेकून हा डबा."

"तुझा दे मग."

"माझा ऑफिसचा आहे रे. त्यावर साधा पेन ड्राइव्ह लावला तरी दोन मिनिटांत फोन येतो मला. पण तुला एक सांगू? तुझ्या पंख्याचा दोष नाही. फर्मवेअरच्या तक्त्यात गडबड असणार. उघडून दुरुस्त कर आणि परत कंपाइल कर. नेटवर आहे सगळं."

हे सांगून तो महाप्रसादाच्या पंगतीला गेला, आणि रविराजच्या डोक्यात किडा सोडून गेला.

त्या आठवड्यात त्याने फर्स्ट शिफ्ट मागून घेतली होती. चाकणच्या कारखान्यात तो मेंटेनन्सला. दुपारी कंपनीची बस निगडीला सोडायची की तो थेट घरी येऊन आईच्या पलंगाशेजारी लॅपटॉप मांडायचा. शुक्रवारी तसाच बसला.

गोष्ट अशी होती. मशीन बनवणारी कंपनी त्याच्या पोटात एक तक्ता लिहून ठेवते. कुठला सेन्सर कुठे, बॅटरीची खबर कुणाकडून घ्यायची, झाकण मिटलं तर काय करायचं, पंखा कधी फिरवायचा, सगळं त्यात. मशीन चालू होताना हा तक्ता सिस्टिमच्या हाती देतं आणि सिस्टिम त्याबरहुकूम चालते. तो बाहेर काढता येतो, माणसाला वाचता येईल असा उलगडता येतो, दुरुस्त करून पुन्हा मशीनच्या भाषेत बांधता येतो. मूळ चिपला हातसुद्धा लावावा लागत नाही. चालू होतानाच सिस्टिमला सांगायचं, तो नको, हा घे.

रविराजने तक्ता उलगडला. हजारो ओळी. म्हटलं, आधी काहीही न बदलता जसाच्या तसा परत बांधून बघू. बांधला. पडदाभर चुका.

"आयला!"

"काय झालं रे?" आईने मान वळवली.

"काही नाही. मी काही बदललंच नाही आणि हा म्हणतो चुकलं."

"मग चुकलं कुणाचं?"

"ज्यांनी लिहिलं त्यांचं! ह्यांनी ह्यांचं स्वतःचंच धड लिहिलेलं नाही, आई. एकीकडे वस्तूचं नाव घेतलंय आणि ती वस्तूच कुठं नाही. दुसरीकडे म्हणतात उत्तर देऊ, आणि उत्तर न देताच उठून गेलेत."

"बरं बरं. तू चहा घे आधी. तोंड बघ कसं झालंय, म्हशीनं लाथ मारल्यावाणी."

जयमालाने चहा ठेवला. तो गार झाला, मग त्यावर साय आली, मग तिने तो उचलून नेला आणि भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा केला. रविराज एकेक चूक खोडत होता. एक गेली की खालून दोन वर यायच्या. कंस एका ठिकाणी लावला तर दुसरीकडचा उघडा पडायचा. शेवटी तो लॅपटॉपशी मोठमोठ्याने भांडायला लागला तेव्हा आई म्हणाली, "रागं भरून ऐकतंय व्हय ते? माझे वडील वीणा लावायचे तर खुंटी सरायची. सरली की पुन्हा पिळायचे. पुन्हा सरायची. कधी शिवी न्हाई दिली."

"वीणेला चार तारा असतात, आई. इथं हजार आहेत."

"मग हजारदा पिळ."

संध्याकाळच्या कीर्तनाला निघायच्या आधी त्याला पंख्याची जागा सापडली. आणि सापडली तेव्हा तो हसावं की रडावं अशा अवस्थेत बसून राहिला. किती तापल्यावर पंखा फिरवायचा, तो आकडा तक्त्यात नव्हताच. तिथे रिकामा खण होता. तो खण भरायचा होता कंपनीने विंडोजबरोबर दिलेल्या एका वेगळ्या प्रोग्रॅमने. विंडोज गेलं, त्याबरोबर तो प्रोग्रॅम गेला, आणि पंखा बापडा हुकमाची वाट बघत राहिला. अंगाची लाही होतेय, समोर आग दिसतेय, पण कुणी सांगितलं नाही म्हणून हलायचं नाही!

"असली माणसं आमच्या कंपनीत आहेत," तो आईला म्हणाला.

रिकाम्या खणाच्या जागी त्याने स्वतःच्या हाताने पंचावन्न अंश लिहिलं. पंचावन्नला फिर बाबा, कुणाची वाट बघू नकोस.

तक्त्याच्या अगदी पहिल्या ओळीत कंपनीचं नाव होतं, आणि त्यापुढे रेव्हिजनचा आकडा. रविराजची नजर त्यावरून गेली आणि सवयीने पुढे सरकली. चाकणच्या पट्ट्यात राबलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तिथे सुट्या भागाचं प्रत्येक ड्रॉइंग आकड्यावर चालतं. बदल झाला की आकडा वाढतो, जुन्या ड्रॉइंगवर 'रद्द' असा लाल शिक्का बसतो, आणि तो आकडा वाढवायचा अधिकार डिझाइनवाल्यांचा, फक्त त्यांचा. मेंटेनन्सच्या माणसाने मशीन उभं-आडवं खोलावं, पण रेव्हिजनच्या खणाला पेन लावलं तर नोकरीवर बेतायचं. रविराज स्वतः नव्या पोरांना हेच बजावायचा. तेव्हा आतल्या ओळी त्याने बिनदिक्कत फिरवल्या, पण तो आकडा होता तसाच सोवळ्यात राहू दिला.

शनिवारी दुपारी तक्ता एकदाचा बांधला गेला. चूक एकही नाही! रविराजने मशीन बंद करून चालू केलं. पंखा भुर्रकन फिरला.

"ऐकलंस का आई? ऐकलंस?"

"ऐकलं. फिरला म्हणायचा."

"फिरला!"

तो सुरू होताना एकदा फिरतोच, हे आनंदाच्या भरात कुणाच्या ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी मंडपात त्याने टेबलफॅनही लावला नाही, इतका भरवसा. निरूपण सुरू झालं. बुवा गोपाळांच्या खोड्या सांगत होते, पोरं हसत होती. रविराज लॅपटॉपकडे बघत बसला होता, दूध उतू जाईल म्हणून बघत बसावं तसा. पाठ तापली. पंखा गप्प. आणखी तापली. पंखा गप्प. रविराजने ओठ चावला.

टप्‌.

खिशात फोन थरथरला. त्याने उचलला नाही.

पंगतीच्या वेळी तो टेबलाशीच बसून राहिला. दिग्विजय पत्रावळ घेऊनच आला.

"काय राव, चेहरा का पडलाय?"

"केलं सगळं. बांधलं, लावलं. काडीचा फरक नाही."

"मग सोपा उपाय सांगतो. जंपर मार. तापमान विचारलं की कायम पंचेचाळीस सांगायचं, असं लिहून टाक तक्त्यात. आग लागली तरी पंचेचाळीस. बंद पडणारच नाही."

"आणि जळाला म्हणजे?"

"उद्या दुपारी जळू दे. काला तर होईल!"

रविराजने मान हलवली. सेन्सरला खोटं बोलायला लावलं की काय होतं ते त्याने कारखान्यातल्या प्रेसवर पाहिलं होतं. त्यात एकाची बोटं गेली होती. "नाही रे. विठ्ठलाच्या मंडपात खोटं बोलणारं मशीन ठेवायचं आणि त्यातून आईला कीर्तन ऐकवायचं? मला नाही जमणार."

"मग बस हुकमाची वाट बघत," दिग्विजय म्हणाला आणि जिलेबी खाऊ लागला.

घरी गेला तर आई जागीच. जयमालाने ताट वाढलं. "आई म्हणतायत, रविराजला सांग, राहू दे. लई जीव काढायलंय लेकरू. नंतर कुणीतरी सांगेल म्हणे महाराज काय बोलले ते."

रविराजचा घास तिथेच थांबला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

रविवार उजाडला. काल्याचा दिवस. मंडपाच्या मधोमध दहीहंडी टांगलेली, पताका, लाह्यांच्या परड्या. रविराज लवकरच टेबलाशी येऊन बसला होता. ह्या वेळी त्याने उलट बाजूने बघायचं ठरवलं: मशीन आत्ता, ह्या घडीला, कुठला तक्ता वाचतंय? तो बाहेर काढला, उलगडला, पंख्याची ओळ शोधली.

रिकामा खण.

पंचावन्न नाहीच. त्याने पुन्हा पाहिलं. ती मूळचीच ओळ, कंपनीची. म्हणजे ह्याने घाम गाळून बांधलेला तक्ता मशीनने हातातही घेतला नव्हता. तो तिथे होता, जागच्या जागी होता, नाव बरोबर होतं, आणि मशीन त्याच्याकडे ढुंकूनही न बघता जुनाच वाचत होतं.

"का? का पण?" तो टेबलावर मूठ आपटून म्हणाला.

शेजारी वीणेचा पहारा खुद्द हिंदुरावांचा होता. निगडी गावातलं जुनं घराणं, आता जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या तरी बोली तीच. गळ्यात वीणा, बोट तारेवर, आणि वीणा सोडता येत नसल्यामुळे सगळी कामं तोंडाने चाललेली.

"रविराज, हाणू नगं टेबल. माइक पडंल." टिंग. "झालं का न्हाई तुजं?" टिंग. "म्हाराज निघालं बी तिकडनं."

"नाही झालं अध्यक्ष."

"मग हाणून उपेग काय?" टिंग. "ए, त्या लाह्या झाका रं! माश्या बसत्यात!"

तेवढ्यात दुर्गाबाई तरातरा पुढे आल्या. पिंपळे सौदागरला राहणाऱ्या, हिंदुरावांच्या नात्यातल्याच. हातात सप्ताहाची पत्रिका.

"काय ओ अध्यक्ष, तासभर बसलेय मी! नऊचं कीर्तन, नऊचं कीर्तन म्हणून स्वयंपाक टाकून, सुनेशी वाद घालून आले. आणि इथं म्हणतात दहाला!"

"दहालाच हाय." टिंग. "ती तुजी जुनी पत्रिका. येळ बदलली म्हनून नवी छापली आमी. घरोघर वाटली की."

"दोन्ही आल्या घरी! तोच फोटो, तोच रंग, तेच नाव. एकीवर नऊ, एकीवर दहा. नवी कुठली ते वर लिहायला नको? 'सुधारित' म्हणून एक शब्द छापला असता तर शाई संपली असती का तुमची? माणूस आपलं आधी आली तीच खरी धरतं!"

"आता छापनाऱ्यानं..."

"छापणाऱ्याला काय सांगता? तुम्ही सांगायचं, तुम्ही! बदल तुम्ही केला ना? मग तसं लिहायला तुम्हाला कुणी अडवलं होतं?"

हिंदुरावांनी उत्तरादाखल टिंग केलं. रविराज मात्र दुर्गाबाईंकडे बघतच राहिला. मग लॅपटॉपकडे बघितलं. मग त्याने तक्त्याची पहिली ओळ उघडली.

कंपनीचं नाव. त्यापुढे आकडा. आणि ह्याच्या तक्त्यावरही तंतोतंत तोच आकडा.

त्याने कपाळावर हात मारला. इतकी वर्षं जुन्या ड्रॉइंगवर काम करणाऱ्यांना ज्याने फैलावर घेतलं, त्यानेच बदल करून आकडा जुना ठेवला होता. मशीनपुढे दोन पत्रिका. फोटो तोच, रंग तोच, आकडा तोच. ते आपलं आधी आली तीच खरी धरणार नाही तर काय करणार? वरचढ आकडा असल्याशिवाय हात लावू नकोस, हेच तर त्याला शिकवलेलं. चाकणला तो जे पोरांना शिकवायचा तेच.

बोट आकड्यावर ठेवून तो क्षणभर थांबला. हसू नका, हात खरंच अडला त्याचा. डिझाइनवाले कुठेतरी परमुलखात, त्यांनी हे मॉडेल केव्हाच विसरून टाकलेलं. सही करायला कोण येणार होतं? पंखा जसा हुकमाची वाट बघत होता, तसाच हा.

"बदल मी केला," तो पुटपुटला, आणि आकडा एकाने पुढे केला.

तक्ता पुन्हा बांधला. घाईत फाइलचं नाव चुकलं. मशीन चालू झालं ते जुन्याच तक्त्यावर. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. 'रामकृष्ण हरी' असा गजर उठला. महाराज आले. लोक वाट करून देत होते, कुणी पाया पडत होतं. रविराजने मान वर केली नाही. नाव दुरुस्त केलं, पुन्हा जागेवर ठेवलं, पुन्हा बंद, पुन्हा चालू. काळा पडदा. अक्षरं धावली. फोन थरथरला, त्याने तो कानाला लावून खांद्याने दाबला.

"अहो, दहा वाजून गेले."

"येतंय, येतंय, येतंय."

"आई डोळे मिटून बसल्यात."

"सांग, येतंय म्हणावं!"

महाराजांचं नमन सुरू झालं होतं. म्हातारा आवाज, पण पहिल्या सुरालाच मंडप गप्प. रविराजच्या कानावर तो येत होता आणि आईच्या नव्हता. मिक्सर जोडला. कॅमेरा लावला. प्रक्षेपण चालू. नमन संपून अभंग लागला तेव्हा कुठे जयमालाचा आवाज आला, "आलं! अहो, दिसतायत महाराज!"

मग तो फक्त एका आवाजाची वाट बघत राहिला. पाठ कोमट झाली. गरम झाली. टाळ, पखवाज, शंभर टाळ्या, आणि त्या सगळ्याच्या खालून, एखादा आळसावलेला टाळकरी उठून बसावा तसा पंखा कुरकुरला, अडखळला आणि फिरायला लागला. गरम वाऱ्याचा झोत रविराजच्या मनगटावर आला. त्याने हात तिथून काढला नाही.

"काय रं, वाजतंय काय ते?" हिंदुराव कुजबुजले. टिंग.

"पंखा."

"मोठ्यानं वाजतंय."

"वाजू द्या हो!"

टप्‌ झालं नाही. महाराजांनी गोपाळांच्या शिदोऱ्या सोडवल्या, कुणाची शिळी भाकर, कुणाचं लोणचं, सगळ्यांचा काला केला, हंडी फुटली, आणि तोवर पंखा फिरत राहिला.

दुपारी रविराज घरी आला तो काखोटीला लॅपटॉप आणि हातात काल्याचा डबा घेऊन. वाटलं होतं, आई आनंदाने रडेल. आई पलंगावर तोंड फुगवून होती.

"नमन चुकलं माझं."

"आई, अगं..."

"गळा तिथं कळतो कीर्तनकाराचा. माझ्या वडिलांनी त्यांना आधी नमनच शिकवलं होतं. तेच न्हाई ऐकलं मी."

"अगं, मी काय कमी केलं का? कंपनीच्या चुका निस्तरल्या, हुकूम लिहिला, सगळं शनिवारीच झालं होतं! फक्त वरचा एक आकडा नाही वाढवला."

"का न्हाई वाढवला?"

"मला वाटलं, तो आपला अधिकार नाही."

"आतलं सगळं बदललंस, तेव्हा अधिकार व्हता?"

जयमाला दारात उभी राहून हसली. रविराजला हसू येईना.

"रेकॉर्डिंग तर आसंल की," आई म्हणाली. "नमन लाव."

"नमनाला मशीन बंद होतं, आई. अभंगापासून पुढचंच आहे."

आईने डोळे मिटले. डबा तसाच तिच्या मांडीशेजारी. रविराजला वाटलं, झोपली. त्याने लॅपटॉप खुर्चीवर ठेवला आणि उठायला लागला.

"बस," ती म्हणाली. "आमच्या घरात बाईमाणसानं टाळ धरायचा. नमन पुरुषांनी म्हणायचं. वडील तालमीला म्हणायचे, मग दादासाहेब म्हणायचे, मी भिंतीआड बसून ऐकायची. पाठ हाय सगळं. कधी म्हनलं न्हाई. कुणी म्हण म्हनलंच न्हाई."

"मग?"

"मग काय? तू तुझा आकडा वाढवलास की." तिने उशीला कोपर टेकवून मान जरा वर केली. जयमाला पुढे धावली, तिने हातानेच मागे सारली. "सुरुवात मी म्हणते. माझं झालं की तू पुढचं लाव."

आणि शालनबाईंनी नमन सुरू केलं. आवाज चिरका, श्वास अर्ध्यात तुटणारा, दुखऱ्या अंगाने सूर मध्येच खाली बसायचा. पण वळणं तीच, सकाळी मंडपात रविराजने ऐकलेली, एकही न चुकलेली. एका ठिकाणी ती अडली. रविराजने तोंड उघडलं, तिने बोट वर केलं, थांब, आणि खुंटी सरल्यासारखा तो सूर पुन्हा पिळून जागेवर आणला.

नमन झालं. तिने डबा उघडला, कालवलेल्या लाह्यांचा घास आधी लेकाला, मग सुनेला, मग स्वतःला.

"हां," ती म्हणाली. "लाव आता."

रविराजने लावलं. अभंगाचा पहिला चरण खोलीत भरला. चैत्राच्या दुपारी तिसऱ्या मजल्याच्या भिंतीही तापलेल्याच होत्या. थोड्याच वेळात खुर्चीवरच्या लॅपटॉपचा पंखा, कुणी न सांगता, फिरायला लागला.